बॅकहँडला कोणते रबर?

यंदा विश्वस्त मंडळाने शाळेच्या टेबल टेनिस गटासाठी नव्या बॅटींकरिता रक्कम मंजूर केली. त्याबद्दल प्रथम सर्व विश्वस्तांचे मनापासून आभार. रक्कम मंजूर होत असताना एका विश्वस्तांनी सरळ प्रश्न विचारला होता, की बॅट म्हणजे बॅट, मग लाकूड वेगळे आणि रबर वेगळे असा दुहेरी खर्च कशासाठी? काही पालकांनीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत केला. बाजारात तयार बॅट स्वस्तात मिळते, मग तुम्ही मुलांना रबराची नावे काय पाठ करायला लावता? प्रश्न रास्त आहे. पैसा शाळेचा आणि पालकांचा आहे, तेव्हा उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

'आम्ही' म्हणजे संध्याकाळी मुलांबरोबर टेबलापाशी उभे राहणारे तिघे जण: एक शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि शाळेची एक माजी विद्यार्थिनी. आमच्यापैकी कोणीही मोठा खेळाडू नाही. पण गेली काही वर्षे मुलांचा खेळ रोज जवळून पाहतो आहोत, आणि त्यातून एक गोष्ट आमच्या पक्की ध्यानात आली आहे. आपली मुले फोरहँडला जिंकतात आणि बॅकहँडला हरतात. तालुका पातळीवर हे खपून जाते. जिल्ह्याला बेळगावात गेले की समोरचा खेळाडू पहिल्या पाच गुणांतच ओळखतो आणि मग प्रत्येक चेंडू बॅकहँडच्या कोपऱ्यात येऊ लागतो.

असे का होते याचे एक कारण आपल्या खोलीत आहे. टेबलाच्या मागे भिंतीपर्यंत जेमतेम दोन-अडीच पावले जागा आहे. मोठ्या सभागृहात सराव करणारी मुले चेंडू लांब आला की मागे सरकतात आणि सावकाश हात फिरवून टॉपस्पिन करतात. आपल्या मुलांना मागे सरकायला जागाच नाही. ती टेबलाला चिकटून खेळतात. अशा खेळाडूला बॅकहँडला दोनच शस्त्रे उपयोगी पडतात. एक ब्लॉक आणि दुसरा पंच. जागा कमी असणे ही अडचण आहे खरी, पण टेबलाजवळचा खेळ शिकायला ती चांगली शाळाही आहे.

ज्या पालकांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. ब्लॉक म्हणजे समोरून आलेला जोराचा टॉपस्पिन चेंडू, टप्पा पडून वर उठत असतानाच, बॅट नुसती आडवी धरून परतवणे. यात मारायचे काही नसते. बॅटचे तोंड किती झाकायचे आणि किती घट्ट धरायचे, एवढेच ठरवायचे असते. जोर समोरच्याचा, दिशा आपली. पंच म्हणजे त्याच जागी उभे राहून कोपरापासून हात छोट्या अंतरात पुढे सोडणे आणि चेंडू सपाट, वेगात समोरच्याच्या अंगावर किंवा रिकाम्या कोपऱ्यात घालणे. ब्लॉक ही ढाल आहे आणि पंच हा भाला. चांगला खेळाडू दोन ब्लॉक करतो, समोरचा जरा मागे सरकला किंवा चेंडू किंचित उंच आला की तिसऱ्याला पंच मारतो.

हे सगळे किती वेळात करायचे असते तेही पाहा. टेबलाची लांबी 2.74 मीटर. ताशी 54 किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू एका सेकंदात 15 मीटर जातो. हवेचा अडथळा सोडून दिला तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायला त्याला सेकंदाचा पाचवा भागही लागत नाही. एवढ्या वेळात मुलाने चेंडू पाहायचा, फिरकी ओळखायची आणि बॅट जागेवर आणायची. म्हणजे विचार करायला वेळ जवळजवळ नाहीच. जे काही व्हायचे ते हाताच्या सवयीने आणि बॅटवरच्या रबराने होते. म्हणूनच रबराचा प्रश्न हा हौसेचा किंवा चैनीचा प्रश्न नाही.

आता रबराकडे वळू. आपण ज्याला सर्रास 'रबर' म्हणतो ते खरे तर दोन थरांचे असते. वरचे पातळ रबर आणि त्याखाली स्पंज. रबराच्या एका बाजूला बारीक बारीक दाणे असतात. ते दाणे आत स्पंजाकडे वळवून चिकटवले की वरची बाजू गुळगुळीत राहते. त्याला मुले 'प्लेन' म्हणतात. दाणे बाहेर ठेवले की ते 'पिंपल'. दाणे आखूड असतील तर शॉर्ट पिंपल, लांब आणि लवचीक असतील तर लाँग पिंपल. याशिवाय 'अँटी' नावाचा एक प्रकार आहे. तो दिसायला प्लेनसारखाच, पण वरचा पृष्ठभाग निसरडा, त्यामुळे समोरच्याची फिरकी त्याला फारशी लागू होत नाही. नियमाप्रमाणे रबर, स्पंज आणि डिंक मिळून जाडी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. स्पंज नसलेले नुसते दाण्यांचे रबर असेल तर 2 मिलिमीटरची मर्यादा आहे.

बॅकहँडच्या ब्लॉकसाठी प्लेन रबर निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: स्पंजाची जाडी, स्पंजाचा कडकपणा आणि वरच्या रबराची पकड.

जाडीचे सोपे आहे. स्पंज जाड असेल तर चेंडू त्यात खोल रुततो आणि उसळून बाहेर पडतो. दुकानदार 2.1 मिलिमीटर किंवा 'मॅक्स' जाडीचे रबर पुढे करतो, कारण ते वेगवान आणि बहुधा महागही. पण ब्लॉक करताना ही उसळी शत्रू ठरते. मुलाने बॅट नुसती धरली तरी चेंडू टेबलाबाहेर जातो. मग मूल घाबरून हात मागे ओढू लागते आणि एकदा ती सवय लागली की मोडायला वर्ष जाते. 1.5 ते 1.8 मिलिमीटरच्या स्पंजावर चेंडू लवकर लाकडाला भिडतो, हाताला त्याचा ठोका कळतो आणि उसळी आटोक्यात राहते.

कडकपणाचे गणित याच्या जरा उलटे आहे. मऊ स्पंज हळू चेंडूला छान वाटतो. मुलांना पहिल्या दिवशी मऊ रबरच आवडते. पण पंच जोरात मारला की मऊ स्पंज पूर्ण दबून जातो आणि त्यापुढे कितीही जोर लावला तरी चेंडूचा वेग वाढत नाही, नुसती दिशा हरवते. मध्यम कडक स्पंज मात्र जेवढे द्यावे तेवढे परत देतो. हळू ब्लॉकला हळू, जोराच्या पंचाला जोराने. फार कडक घेतले तर लहान मुलाच्या हातात तेवढा जोरच नसतो आणि रबर लाकडी फळीसारखे लागते. म्हणून वयाप्रमाणे मधला मार्ग काढावा लागतो.

तिसरी गोष्ट पकड. चिकट किंवा फार पकडीचे रबर सर्व्हिसला आणि टॉपस्पिनला वरदान आहे. पण जे रबर आपली फिरकी चेंडूला लावते तेच समोरच्याची फिरकीही अंगावर घेते. टॉपस्पिन चेंडू अशा रबराला लागला की वर उडी मारतो. बॅटचे तोंड जरा जरी उघडे राहिले तरी चेंडू टेबलाच्या पार. फोरहँडला पकड जास्त आणि बॅकहँडला जरा कमी, हा विचार त्यातूनच आला. एकाच बॅटच्या दोन बाजूंना दोन वेगळी रबरे लावण्याचे कारण हेच, आणि लाकूड वेगळे व रबरे वेगळी का घ्यायची याचेही उत्तर हेच.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून आम्ही मुलांनाच पारखायला लावले. चार जुन्या लाकडांवर चार प्रकारची बॅकहँड रबरे लावली: मऊ आणि जाड प्लेन, मध्यम कडक 1.8 चे प्लेन, शॉर्ट पिंपल आणि लाँग पिंपल. कोणत्या बॅटवर काय आहे याची नावे सांगितली नाहीत. एकाने टॉपस्पिन करायचा, दुसऱ्याने प्रत्येक बॅटने वीस ब्लॉक आणि वीस पंच करायचे, तिसऱ्याने टेबलावर किती पडले ते वहीत मांडायचे. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलेही या वहीवर तुटून पडली. बहुतेकांना पहिल्यांदा हातात घेतल्यावर मऊ आणि जाड रबर आवडले होते. वही मात्र वेगळेच सांगत होती. आवडलेल्या रबराने कमी चेंडू टेबलावर पडले होते. सहावीतला एक मुलगा वही पाहून म्हणाला, "सर, म्हणजे आवडतंय ते एक आणि जमतंय ते एक!" आम्हाला वाटते, ते वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

या पारखीत आपल्या गावचा पाऊसही परीक्षक म्हणून बसला. लोंढ्याचा पाऊस काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. कॅसलरॉककडून ढग उतरले की जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, वह्यांची पाने ओलसर राहतात, भिंतींना ओल येते. तीच ओल बॅटच्या रबरावरही बसते. प्लेन रबराचा पृष्ठभाग थोडा जरी दमट झाला की पकड जाते आणि चेंडू सरकतो. "बॉल घसरूलालाय सर," हे वाक्य आषाढात आम्ही रोज ऐकतो. पिंपलच्या रबराला हा त्रास त्या मानाने कमी, कारण तिथे चेंडू सपाट पृष्ठभागाला न लागता दाण्यांच्या टोकांना लागतो आणि सगळा खेळ पकडीवर अवलंबून नसतो. बेंगळुरू किंवा पुण्याच्या बंद सभागृहात बसून कोणी सल्ला दिला तर त्यात हा पाऊस धरलेला नसतो. आपल्याला तो धरावाच लागतो.

आता शॉर्ट पिंपलबद्दल. टेबलाला चिकटून ब्लॉक आणि पंच करणाऱ्यासाठी हे रबर जणू मापाने शिवलेले आहे. समोरच्याची फिरकी त्याच्यावर कमी चढते, म्हणून ब्लॉक सोपा होतो. सपाट मारलेला पंच टप्पा पडल्यावर फारसा उठत नाही, खालीच राहतो, त्यामुळे समोरच्याचा अंदाज चुकतो. जपानची मिमा इतो बॅकहँडला शॉर्ट पिंपलच वापरते. टोकियो ऑलिंपिक 2020 सालचे, पण प्रत्यक्षात 2021 मध्ये झाले. तिथे तिने जुन मिझुतानीबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. टेबलाजवळ उभे राहून ती बॅकहँडने जे फटके मारते ते मुलांनी जरूर पाहावेत.

पण प्रत्येक सोयीची किंमत असते. शॉर्ट पिंपलने आपल्यालाही फिरकी कमी करता येते. समोरच्याने खाली कट मारलेला चेंडू दिला तर प्लेन रबराने तो घासून उचलता येतो, शॉर्ट पिंपलने मात्र नेमक्या क्षणी, नेमक्या उंचीवर धाडसाने मारावा लागतो. क्षण चुकला की चेंडू जाळीत. ज्या मुलाचा हात मुळातच सपाट आणि झटक्याने जातो त्याला हे जमते. ज्याचा हात गोल फिरतो त्याला नाही. रबर मुलाच्या हाताप्रमाणे निवडायचे असते. जाहिरातीप्रमाणे किंवा शेजारच्या मुलाकडे काय आहे ते पाहून नव्हे.

इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. खरा वाद झाला तो लाँग पिंपलवरून.

आपल्या गटात आठवीतली एक मुलगी आहे. डावखुरी, मेहनती, फोरहँड देखणा. बॅकहँड मात्र कच्चा. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत ती बॅकहँडवरच हरली. तिच्या वडिलांनी कुठेतरी चौकशी केली आणि आम्हाला म्हणाले, "तिला लाँग पिंपल लावून द्या. नुसती बॅट धरली की चेंडू उलट फिरून जातो म्हणे. यंदा जिल्हा निघाला तर राज्याला जाईल. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. नंतर खेळायला वेळ कुठला?" एका बापाच्या मनातली ही घालमेल खोटी नव्हती. आपल्या भागात मुलींच्या खेळाची वर्षे किती थोडी असतात हे आम्हालाही ठाऊक आहे.

आणि ते म्हणत होते त्यात तथ्यही होते. लाँग पिंपलचे दाणे चेंडू लागताच वाकतात. आलेली फिरकी फारशी बदलत नाही, ती तशीच राहून चेंडू परत जातो. म्हणजे समोरच्याने टॉपस्पिन मारला तर त्याच्याकडे तोच चेंडू कट होऊन येतो. शालेय पातळीवर ज्या मुलांनी असे रबर पाहिलेले नसते ती भराभर चेंडू जाळीत घालतात. एका हंगामात निकाल दिसतो.

आमच्यातही दोन मते पडली. निवृत्त गृहस्थांचे म्हणणे, की ही फसवाफसवी आहे, खेळ नव्हे. माजी विद्यार्थिनीचे म्हणणे, की नियमात बसते ते फसवणे कसे? या वादावर इतिहासाने थोडा प्रकाश पडतो, म्हणून तो सांगतो. 1952 साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. आशियात ही स्पर्धा प्रथमच होत होती आणि जपानचा संघही तिच्यात प्रथमच उतरला होता. तोवर सगळे जण दाण्यांच्या साध्या रबराने खेळत. ठक् ठक् आवाजावरून चेंडूचा जोर ओळखत. हिरोजी सातो नावाचा जपानी खेळाडू बॅटवर जाड स्पंज लावून आला. त्याच्या बॅटचा आवाजच येईना. मोठमोठे खेळाडू गोंधळले आणि सातो पुरुष एकेरीचा जगज्जेता झाला. ही बॅट न्याय्य की अन्याय्य, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. अखेर 1959 मध्ये जाडीचे नियम ठरले. स्पंजावर बंदी आली नाही, त्याला मर्यादा घातली गेली.

पुढे काही खेळाडू बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या स्वभावाची रबरे लावून हातात बॅट फिरवू लागले. कोणत्या बाजूने चेंडू आला हे समोरच्याला कळेना. त्यावर 1986 पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल असणे सक्तीचे झाले. 2021 पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळा रंगही चालतो, पण एक बाजू काळीच हवी. म्हणजे आज समोरच्याच्या बॅटवर काय आहे ते सामना सुरू होण्यापूर्वी पाहायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि खेळताना रंगावरून ओळखताही येते. तेव्हा लाँग पिंपलला फसवणूक म्हणणे आम्हाला पटत नाही. समोरच्याला माहीत असूनही जे परतवता येत नाही, ते कौशल्यच.

आपल्या देशाच्या खेळाडूंनी हे सिद्धही केले आहे. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होती, याचा आपल्याला विशेष अभिमान. त्याच स्पर्धेत मनिका बात्राने एकेरीचेही सुवर्ण जिंकले. मनिका बॅकहँडला लाँग पिंपल वापरते. फेब्रुवारी 2024 मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जीने चीनच्या सुन यिंगशाला, म्हणजे त्या वेळच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवले. ऐहिकाच्या बॅकहँडला अँटी रबर होते. तो सामना भारताने 2-3 असा गमावला, पण तो विजय साऱ्या जगाने पाहिला.

मग त्या मुलीला लाँग पिंपल देऊन मोकळे का झालो नाही? याचे कारण मनिका आणि ऐहिका यांच्या खेळातच आहे. त्यांच्या बॅकहँडला वेगळे रबर आहे खरे, पण फिरकी ओळखणे, पाय हलवणे, पुढच्या चेंडूवर फोरहँडने हल्ला करणे हे सगळे त्यांनी कमावलेले आहे. मनिका तर रॅली चालू असताना बॅट फिरवून बाजू बदलते. रबर त्यांच्या खेळाच्या सेवेला आहे. आठवीतल्या मुलीला बॅकहँडचा ब्लॉकच येत नसताना लाँग पिंपल दिले, तर ती ब्लॉक कधीच शिकणार नाही. दोन हंगाम जिंकेल. तिसऱ्या हंगामात समोरच्या मुली त्या रबराला सरावतील, हळू आणि बिनफिरकीचा चेंडू देतील. अशा चेंडूवर लाँग पिंपलला परतवायला फिरकीच मिळत नाही. आणि त्या रबराने जोराचा पंच मारणे फार अवघड, चेंडू डळमळत जातो. मग तिच्या हातात काहीच उरणार नाही.

नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण आपण ऐकतो. रबराबद्दल बोलताना ती नेहमी आठवते. पण आमचा अनुभव असा, की अंगण कधी कधी खरेच वाकडे असते. त्या मुलीच्या बॅटवर आधी काय होते ते आम्ही पाहिले. तयार बॅट, दोन्ही बाजूंना जाड, मऊ रबर, त्यात वरचा भाग जुना होऊन चकाकू लागलेला. त्या बॅटने ब्लॉक करणे कोणालाही जड गेले असते. अंगण सरळ करून दिल्याशिवाय तिला नाचता येत नाही असे म्हणायचा हक्क आम्हाला नव्हता.

म्हणून आम्ही तिघे तिच्या वडिलांबरोबर बसलो आणि मुलीलाही बसवले. आपल्याकडे मुलांबद्दल निर्णय घेताना मुलांना बाहेर पाठवायची पद्धत आहे, ती यावेळी मोडली. वहीतले आकडे समोर ठेवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "बाबा, मला पंच शिकायचाय. नुसती बॅट धरून उभं राहायचं नाही." वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझं खेळणं आहे, तूच ठरव."

तिला बॅकहँडला 1.8 मिलिमीटरचे, मध्यम कडक, बेताच्या पकडीचे प्लेन रबर दिले. पुढे चार महिने रोज संध्याकाळी ब्लॉक आणि पंच, दुसरे काही नाही. यंदा जिल्ह्याला ती उपांत्य फेरीत हरली. राज्याला गेली नाही. पण हरलेल्या सामन्यात समोरच्या मुलीने तिसऱ्या गेमपासून बॅकहँडला चेंडू देणे बंद केले होते. खेळ न समजणाऱ्याला यात काही दिसणार नाही. आम्हाला मात्र वर्षभराच्या कष्टाचे फळ त्यात दिसले, आणि तिच्या वडिलांनाही ते दिसले असावे, कारण परतीच्या गाडीत खानापूर येईपर्यंत ते तिच्याशी त्याच सामन्याबद्दल बोलत होते.

या सर्व अनुभवावरून आम्ही गटासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली दोन वर्षे प्रत्येक मुलाला दोन्ही बाजूंना प्लेन रबर, बॅकहँडला 1.5 ते 1.8 मिलिमीटर. दोन वर्षांनंतर ज्याचा हात सपाट पंचाचा असेल आणि ज्याला इच्छा असेल त्याला शॉर्ट पिंपल वापरून पाहता येईल. लाँग पिंपल आणि अँटी यांना बंदी नाही. मात्र आधी प्लेनवर ब्लॉक पक्का व्हायला हवा आणि निवड मुलाने स्वतः करायला हवी. शाळेच्या बॅटी सर्वांच्या. कोणाकडे महाग रबर आहे म्हणून त्याला टेबलावर जास्त वेळ मिळणार नाही.

पालकांना काही सूचना. बॅट किंवा रबर घेण्यापूर्वी कृपया आम्हाला विचारा. परदेशी रबराच्या एकेका शीटला चार आकडी रक्कम जाते आणि लहान मुलाला त्याचा उपयोग तर नाहीच, उलट अपाय होण्याचा संभव जास्त. स्पर्धेसाठी घ्यायचे असेल तर रबरावर आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यतेची खूण आहे का ते पाहा, नसेल तर पंच बॅट नाकारू शकतात. डिंक पाण्यावर आधारलेलाच वापरा. उग्र वासाचा द्रावकाचा डिंक 2008 पासून खेळात बंद झाला आहे आणि मुलांच्या फुप्फुसांनाही तो चांगला नाही. खेळून झाल्यावर प्लेन रबर किंचित ओल्या स्पंजाने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि वर प्लास्टिकचा पातळ कागद लावून बॅट पिशवीत ठेवावी. पावसाळ्यात बॅट दप्तरात ओल्या रेनकोटाशेजारी ठेवू नये. एवढी काळजी घेतली तर साधे रबरही वर्षभर नीट चालते.

विद्यार्थी मित्रांनो, सरावाची वेळ नेहमीप्रमाणे शाळा सुटल्यावर. पारखीची वही टेबलाशेजारच्या कपाटात ठेवली आहे. ज्याला स्वतःचे रबर ठरवायचे आहे त्याने आधी आपले वीस ब्लॉक आणि वीस पंच तिच्यात मांडावेत, मगच आमच्याशी बोलायला यावे. मंजूर रकमेतून काय काय घेतले याचा हिशेब पुढच्या अंकात देऊ.